आडात आहे, पोहऱ्यात का येत नाही?

ऑनलाइन वर्गाला एखादं मूल आलं नाही की शिक्षकांच्या कानावर ठरावीक उत्तरं पडतात. "रेंज नव्हती." "डेटा संपला." "फोन बाबांबरोबर कामावर गेला होता." आणि एक चौथं उत्तर असतं, ते मूल सहसा तोंडातून काढत नाही: "काय दाबायचं तेच कळलं नाही, आणि घरात विचारू कुणाला?" हजेरीपटावर चौघंही सारखेच गैरहजर. दुखणी मात्र चार निरनिराळी आहेत. टॉवर उभारला तर पहिलं बरं होईल, डेटा स्वस्त झाला तर दुसरं. तिसऱ्याला आणि चौथ्याला त्या टॉवरचा काडीइतकाही उपयोग नाही.

इंटरनेटच्या विषमतेची चर्चा बहुतेक वेळा पहिल्या उत्तरापाशीच थांबते. पिढ्यांमधल्या फरकाचा विषय निघाला की तो आपण पूर्ण वेगळा धरतो: मुलांना सगळं येतं, म्हाताऱ्यांना काही येत नाही, आणि वय झालं की हे असंच व्हायचं. मला वाटतं, हे दोन विषय एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की सुटे करून पाहिले तर एकही धड कळत नाही. मुलाच्या हाती नेट येतं का, आणि आलेल्या नेटचा त्याच्या अभ्यासाला उपयोग होतो का, हे घरातल्या मोठ्या माणसांना त्यातलं किती उमगतं यावर फार अवलंबून असतं.

आधी आकडे बघू, कारण त्यांत एक गोष्ट चटकन नजरेत भरत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था दरवर्षी जगाचा हिशेब मांडते. तिच्या २०२४ च्या हिशेबानुसार सुमारे ५५० कोटी माणसं, म्हणजे जगाच्या लोकसंख्येपैकी ६८ टक्के, इंटरनेट वापरतात. २६० कोटी वापरत नाहीत. श्रीमंत देशांत हे प्रमाण ९३ टक्के, सर्वांत गरीब देशांत २७. शहरांत ८३, ग्रामीण भागात ४८. आता वय बघा. १५ ते २४ या वयोगटातले ७९ टक्के नेट वापरतात, बाकी सगळे मिळून ६६ टक्के. म्हणजे तरुण आणि इतर यांच्यातला फरक १३ अंकांचा, तर श्रीमंत देश आणि गरीब देश यांच्यातला ६६ अंकांचा. "बाकी सगळे" म्हटलं की त्यात तिशीतले आले तसे ऐंशीतलेही आले, त्यामुळे फक्त वृद्धांपुरतं पाहिलं तर फरक याहून मोठा निघेल, हे मान्य. तरीही "आजची पिढी नेटवरच वाढली" असं सरसकट म्हणताना आपण नेमक्या कोणत्या घरातल्या पिढीबद्दल बोलतोय, हे एकदा थांबून विचारायला हवं.

आड

फोनच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या त्या चार दांड्या म्हणजे एका लांबलचक साखळीचा अगदी शेवटचा दुवा. एका खंडातून दुसऱ्या खंडात जाणारा जवळजवळ सगळा डेटा समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून जातो. या केबलच्या आत केसाएवढ्या बारीक काचेच्या तारा असतात आणि त्यांतून प्रकाश धावतो. किनाऱ्यावरून पुढे जमिनीतल्या केबल, तिथून टॉवर, आणि टॉवरपासून आपल्या हातातल्या फोनपर्यंत रेडिओलहरी. यातला शेवटचा टप्पा माणशी सर्वांत महाग पडतो. दाट वस्तीत एक किलोमीटर केबल टाकली की हजारो घरं जोडली जातात. डोंगराळ, विरळ वस्तीत तेवढ्याच केबलवर दहा-वीस घरं येतात. खर्च तोच, भरणारे कमी. बाजाराच्या हिशेबात अशी ठिकाणं कायम शेवटी राहतात.

ही साखळी किती नाजूक असू शकते ते टोंगा या बेटांच्या देशाने सोसलं. १५ जानेवारी २०२२ रोजी तिथे समुद्रातल्या ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि देशाला जगाशी जोडणारी एकमेव केबल तुटली. मुख्य बेटाचा संपर्क पूर्ववत व्हायला पाच आठवडे लागले. ज्यांच्याकडे दुसरी वाट नसते त्यांचं नेट जातं ते असं.

उपग्रहांचा पर्याय आहे, पण तो समजून घ्यायला हवा. जुन्या पद्धतीचे दळणवळण उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. आपला प्रश्न वर जाऊन खाली यायचा, मग उत्तरानेही तोच प्रवास करायचा, यात जवळपास अर्धा सेकंद जातो. व्हिडिओवर शिकवताना तो अर्धा सेकंद जाणवतो, माणसं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत राहतात. नवे उपग्रह साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास फिरतात, म्हणून ते चटकन उत्तर देतात. मात्र त्यांचं उपकरण विकत घ्यावं लागतं आणि महिन्याचे पैसे भरावे लागतात. ज्या घराची मुळात ऐपतच नाही, त्या घरासाठी आभाळातून आलेलं नेटही आभाळातच राहतं.

आणि आता मला ज्याचं सर्वांत जास्त नवल वाटतं तो आकडा. मोबाइल कंपन्यांची जागतिक संघटना जीएसएमए हिच्या २०२४ च्या अहवालानुसार, जिथे मोबाइल इंटरनेटचा सिग्नलच पोहोचत नाही अशा ठिकाणी जगातले फक्त ४ टक्के लोक राहतात. सिग्नल पोहोचतो, पण तरीही मोबाइल इंटरनेट वापरत नाहीत असे लोक ३९ टक्के आहेत. जवळपास दहापट!

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी आपल्याकडे म्हण आहे. इथे चित्र उलटं आहे. बहुतेक जगासाठी आडात पाणी आलंय. पोहरा नाही, दोर पुरत नाही, किंवा तो आत कसा सोडायचा हे सांगायला काठावर कुणी उभं नाही.

पोहरा आणि दोर

दोर म्हणजे पैसा. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये एक साधी फूटपट्टी ठरवली: किमान दर्जाच्या इंटरनेटचा महिन्याचा खर्च त्या देशातल्या दरडोई मासिक उत्पन्नाच्या २ टक्क्यांच्या आत असावा. ऐकायला बरं वाटतं, पण ही सरासरी आहे. सरासरीच्या खूप खाली जगणाऱ्या कुटुंबाला तोच खर्च कितीतरी जास्त टक्क्यांनी बसतो. शिवाय हा दोर दर महिन्याला झिजतो. अमेरिकेत २०२१ च्या शेवटी कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटच्या बिलात सवलत देणारी योजना सुरू झाली. २ कोटी ३० लाखांच्या आसपास कुटुंबं तिच्यात आली, आणि २०२४ मध्ये निधी संपला तशी ती बंद पडली. त्या घरांपर्यंत पोहोचलेली केबल जागच्या जागी होती. संपले ते पैसे.

मोजून-मापून नेट वापरावं लागण्याचा एक परिणाम कुठल्याही आकड्यात दिसत नाही. ज्याच्या घरी नेट चोवीस तास चालू असतं ते मूल भटकतं. ग्रहांबद्दल वाचता वाचता दुर्बिणीकडे जातं, दुर्बिणीवरून काचेकडे, मग काच वाळूपासून होते हे कळल्यावर तासभर तेच बघत बसतं. असं भटकणं हाही अभ्यासच. ज्याच्या पॅकमध्ये आजच्यापुरता थोडाच डेटा उरलाय ते मूल सांगितलेली फाइल उतरवून घेतं आणि नेट बंद करतं. दोघांनाही पाहणीत "इंटरनेट आहे" असंच लिहिलं जातं. मला हा फरक टॉवरच्या फरकाइतकाच मोठा वाटतो.

मग पोहरा, म्हणजे उपकरण. घरात एक फोन आणि शिकणारी मुलं तीन, तर एकाच वेळी तीन वर्ग कसे भरणार? मोठ्या भावाची परीक्षा असेल तर धाकट्या बहिणीचा वर्ग बुडतो. आणि फोन हा संगणकाला पर्याय आहे असं आपण फार सहज धरून चालतो. फोनवर वाचता येतं, बघता येतं, बोलता येतं. पण दोन पानी निबंध अंगठ्याने लिहून बघा, किंवा एका बाजूला धडा उघडा ठेवून दुसऱ्या बाजूला उत्तर लिहून बघा. फोन मुख्यतः घेण्याचं साधन आहे, घडवण्याचं काम त्यावर अडखळत होतं. ज्या मुलाने आयुष्यात फक्त फोनच हाताळला आहे, त्याला फाइल कुठे साठवली, फोल्डर म्हणजे काय, हेही अनेकदा माहीत नसतं. त्यात त्याची चूक नाही. अ‍ॅप या सगळ्या गोष्टी पडद्याआड ठेवतात.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा हे सगळं एकदम उघडं पडलं. युनेस्कोच्या मोजणीनुसार त्या वर्षी एप्रिलमध्ये १५० कोटींहून अधिक विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. युनिसेफने हिशेब केला की त्यांतल्या किमान ४६ कोटी ३० लाख मुलांपर्यंत रेडिओ, दूरदर्शन, इंटरनेट यांपैकी कोणत्याही मार्गाने शिक्षण पोहोचूच शकत नव्हतं. त्याच वर्षाच्या अखेरीस युनिसेफ आणि दूरसंचार संघाने मिळून सांगितलं की ३ ते १७ वयाच्या जगातल्या दोन तृतीयांश मुलांच्या घरी, म्हणजे १३० कोटी मुलांच्या घरी, इंटरनेट नाही.

मग साहजिक वाटतं की मुलांना उपकरणं वाटून टाकावीत. हा प्रयोग होऊन गेलाय, आणि त्याची गोष्ट प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असायला हवी. २००५ मध्ये अमेरिकी संगणकतज्ज्ञ निकोलस निग्रोपाँटे यांनी शंभर डॉलरचा लॅपटॉप बनवून तो जगभरच्या मुलांच्या हाती देण्याची कल्पना मांडली. पेरू या देशाने ती सर्वांत मोठ्या प्रमाणावर उचलली आणि लाखो लॅपटॉप वाटले. इंटर-अमेरिकन डेव्हलपमेंट बँकेच्या अभ्यासकांनी तिथल्या ग्रामीण भागातल्या ३१९ शाळांची पाहणी केली. सुमारे पंधरा महिन्यांनंतर, लॅपटॉप मिळालेल्या शाळांतल्या मुलांच्या गणिताच्या आणि भाषेच्या गुणांत काहीच वाढ दिसली नाही. मुलं लॅपटॉप वापरायला शिकली, पण त्यांच्या अभ्यासात तो कुठे बसवायचा हे ना त्यांना कुणी दाखवलं होतं, ना त्यांच्या शिक्षकांना पुरेसं शिकवलं होतं. बहुतेक शाळांत इंटरनेटही नव्हतं.

या न दिसणाऱ्या अंतराला नाव त्याआधीच मिळालेलं होतं. एस्तर हार्गिताई या समाजशास्त्रज्ञ बाईंनी २००२ मध्ये "दुसऱ्या पातळीची डिजिटल दरी" ही कल्पना मांडली. पहिली दरी कुणाकडे जोडणी आहे आणि कुणाकडे नाही याची. दुसरी, जोडणी असलेल्यांतही कुणाला ती वापरता येते याची. त्यांनी माणसांना संगणकासमोर बसवून नेटवरून अमुक एक गोष्ट शोधून काढायला सांगितलं. काहींना ती पटकन सापडली, काहींनी बराच वेळ घेतला, काहींना ती सापडलीच नाही.

पिढ्या

२००१ मध्ये मार्क प्रेन्स्की या अमेरिकी लेखकाने दोन शब्द रूढ केले: तंत्रज्ञानात जन्मलेली मुलं "डिजिटल नेटिव्ह", म्हणजे त्या देशाचे मूळ रहिवासी, आणि मोठी माणसं "डिजिटल इमिग्रंट", म्हणजे तिथे नंतर आलेले स्थलांतरित. कल्पना आकर्षक होती आणि झटपट पसरली. माझ्या मते तिने दोन्ही पिढ्यांचं नुकसान केलं. मुलांना येतंच असं धरल्यामुळे त्यांना शिकवायचं राहून गेलं, आणि मोठ्यांना येणारच नाही असं धरल्यामुळे त्यांनाही.

मुलांचं आधी पाहू. २०१८ मध्ये चौदा ठिकाणच्या आठवीतल्या विद्यार्थ्यांची संगणक आणि माहिती हाताळण्याची आंतरराष्ट्रीय चाचणी झाली. सर्वांत वरच्या पातळीवर, म्हणजे माहिती शोधताना ती कितपत विश्वासार्ह आहे हे स्वतः पारखून तिच्यापासून काही नीट तयार करण्याच्या पातळीवर, पोहोचली सरासरी २ टक्के मुलं. बोट सराईतपणे फिरतं म्हणजे डोकंही तेवढंच सराईतपणे चालतं असं नाही.

मोठ्यांचीही अशीच गफलत होते. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीच्या काळात फेसबुकवर खोट्या बातम्या कुणी पुढे पाठवल्या याचा अभ्यास झाला. बहुसंख्य लोकांनी अशी एकही बातमी पाठवली नव्हती. पण ६५ च्या पुढच्या गटाने सर्वांत तरुण गटाच्या जवळपास सातपट पाठवल्या. आयुष्यभर छापील मजकुरावर विश्वास ठेवत आलेल्या माणसाला पडद्यावरचा मजकूरही कुणीतरी तपासलेलाच वाटतो, हे त्यामागचं एक कारण असू शकतं.

मग नेटवर वाचायचं कुणाला कळतं? स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका अभ्यासाने याचं फार छान उत्तर दिलं. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी तीन प्रकारची माणसं संगणकासमोर बसवली: पीएचडी झालेले १० इतिहासकार, त्याच विद्यापीठाचे २५ पदवी विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासण्याचं काम करणारे १० व्यावसायिक. त्यांना नावं सारखीच वाटणाऱ्या दोन बालरोगतज्ज्ञ संघटनांची संकेतस्थळं दाखवली. एक होती हजारो डॉक्टरांची जुनी संघटना, दुसरी होती तिच्यातून फुटून निघालेला एक छोटा गट. विद्यार्थ्यांतले बरेच जण आणि इतिहासकारांतले काही जण ते पान वरून खाली मन लावून वाचत बसले. नीटनेटकी मांडणी, पदव्या, संदर्भ बघून त्यांना दोन्हींतला फरक ओळखता आला नाही. सत्यता तपासणारे मात्र पान वाचायला थांबलेच नाहीत. त्यांनी बाजूला नवे टॅब उघडले आणि या संघटनेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. काही क्षणांत त्यांना उलगडा झाला.

या प्रयोगात तरुणही चुकले आणि विद्वान प्रौढही चुकले. बरोबर आले ते असे लोक, ज्यांना हे काम कुणीतरी शिकवलं होतं आणि जे ते रोज करत होते. वयाचा संबंध एवढाच, की सराव करण्याची संधी प्रत्येक वयाला सारखी मिळत नाही.

वयस्कर माणसांना ती का मिळत नाही, याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं. पडद्यावरच्या तीन आडव्या रेघा म्हणजे यादी, दातेरी चाक म्हणजे सेटिंग, ही लिपी आहे. ती कुणी वर्गात शिकवलेली नाही. ज्यांनी ती रोज वापरून गिरवली त्यांना ती लिपी आहे हेच विसरायला झालंय. त्यात अ‍ॅप नव्याने अपडेट झालं की काल पाठ केलेलं बटण आज दुसरीकडे जातं. चुकीचं काही दाबलं तर पैसे जातील, फोटो पुसले जातील, ही भीती असते, आणि फसवणुकीचे प्रकार पाहता ती अगदीच निराधार नसते. पण मला सर्वांत जास्त खुपतं ते घरातलं शिकवणं. आजी विचारते, "हे कसं पाठवायचं गं?" नात म्हणते, "दे इकडे," फोन घेते, तीन सेकंदांत काम करून परत देते. काम झालं, आजीच्या पदरात काही पडलं नाही. पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं म्हणजे पुन्हा कमीपणा घ्यायचा, म्हणून ती विचारणंच सोडते. नातीला मात्र मनापासून वाटत असतं की तिने मदत केली.

आणि आता विचारणं सोडून चालत नाही, कारण अर्ज, बँक, दवाखान्याची वेळ, मुलांच्या शाळेच्या सूचना हे सगळं नेटवर गेलंय. जुनी खिडकी बऱ्याच ठिकाणी बंद झाली आहे. ज्या आईला शाळेच्या अ‍ॅपमध्ये लॉगिन करता येत नाही, तिला आपल्या मुलाने गृहपाठ दिला की नाही हेही कळत नाही. इथे दोन पिढ्यांमधलं अंतर आणि शिक्षणातली विषमता एकाच जागी येऊन मिळतात.

उरुग्वे या छोट्या देशाने हे लवकर ओळखलं. २००७ मध्ये त्यांनी सरकारी शाळांतल्या मुलांना लॅपटॉप आणि शाळांना इंटरनेट द्यायला सुरुवात केली. २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळांतल्या जवळजवळ प्रत्येक मुलाकडे लॅपटॉप होता. ते तिथेच थांबले नाहीत. २०१५ मध्ये त्यांनी कमी निवृत्तिवेतन असलेल्या वृद्धांसाठी योजना काढली: त्यांना समजेल अशी मांडणी केलेला टॅबलेट, आणि तो हाती देतानाच तो वापरायला शिकवणारी कार्यशाळा. आधी नातवंडं, मग आजी-आजोबा.

दुसरं उदाहरण त्याहून साधं आहे आणि मला ते जास्त आवडतं, कारण त्यात नेट लागतच नाही. २०२० मध्ये शाळा बंद असताना आफ्रिकेतल्या बोत्स्वानात साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काही घरांना आठवड्याला गणिताच्या काही उदाहरणांचा साधा एसएमएस पाठवला. काही घरांना एसएमएससोबत शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. साधा फोन, स्मार्टफोनची गरज नाही. फोन उचलायचे पालक. शिक्षक सांगायचे, मुलाला जवळ बोलवा, फोन स्पीकरवर टाका, आणि मग तिघं मिळून एक उदाहरण सोडवायचे. नुसत्या एसएमएसचा म्हणावा तसा परिणाम झाला नाही. फोन आलेल्या घरांतली मुलं मात्र मोजता येईल इतकी पुढे गेली. त्या घरांतले पालक मुलाच्या अभ्यासात आधीपेक्षा जास्त लक्ष घालू लागले, आणि आपल्या मुलाला बेरीज-वजाबाकी येते की भागाकारापर्यंत मजल गेली आहे, हे ते आधीपेक्षा अचूक सांगू लागले.